कृत्रिम बुद्धिमत्ता प्रोग्रॅमिंग साहाय्यक

संगणकाची आज्ञावली लिहिणे, तपासणे, दुरुस्त करणे आणि इतरांनी लिहिलेली आज्ञावली समजून घेणे या कामांत प्रोग्रॅमरला मदत करणाऱ्या, विशाल भाषा-प्रारूपांवर आधारलेल्या साधनांना कृत्रिम बुद्धिमत्ता प्रोग्रॅमिंग साहाय्यक असे म्हणतात. गिटहब कोपायलट, कर्सर आणि क्लॉड कोड ही या कामासाठीच तयार केलेली साधने आहेत. चॅटजीपीटी, जेमिनी यांसारख्या सर्वसाधारण संवादकांचाही याच कामासाठी मोठ्या प्रमाणावर वापर होतो. या साधनांमुळे आज्ञावली लिहून काढण्याचे श्रम पुष्कळ कमी झाले आहेत. मात्र लिहिलेली आज्ञावली बरोबर आहे की नाही, हे ठरविण्याचे श्रम त्या प्रमाणात कमी झालेले नाहीत. साहाय्यकाच्या उपयुक्ततेविषयीचे बहुतेक वाद या दोन श्रमांतील तफावतीतून निर्माण झाले आहेत.

संज्ञा

मराठीत ‘प्रोग्रॅम’साठी आज्ञावली हा शब्द रूढ आहे. विशिष्ट संगणक-भाषेत लिहिलेल्या तिच्या मजकुराला व्यवहारात ‘कोड’ असेच म्हणतात. या लेखात दोन्ही शब्द त्या त्या अर्थाने वापरले आहेत. ‘साहाय्यक’ हा शब्द मागे बसून सुचविणाऱ्या साधनासाठी, तर ‘एजंट’ हा शब्द स्वतःच फायली उघडून बदल करणाऱ्या आणि आज्ञा चालविणाऱ्या साधनासाठी वापरला जातो. ही सीमारेषा आता पुसट होत चालली आहे.

पूर्वपीठिका

माणसाने आपल्या भाषेत सांगावे आणि संगणकाने आपली आज्ञावली आपणच लिहावी, ही आकांक्षा जवळजवळ संगणकाइतकीच जुनी आहे. १९५२ मध्ये ग्रेस हॉपर यांनी ए-० ही प्रणाली तयार केली. तयार उपआज्ञावली जोडून यंत्राला चालविता येईल असा कोड बनविणारी ती एक आरंभीची प्रणाली होती. आयबीएममधील जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ मध्ये फोर्ट्रान ही भाषा जगासमोर मांडली, तेव्हा तिचे वर्णन ‘स्वयंचलित कोडलेखन प्रणाली’ असे केले होते. आज फोर्ट्रानला कोणी स्वयंचलित म्हणणार नाही. यंत्रभाषेतील किचकट मजकूर लिहिण्याचे काम यंत्राने उचलले, पण नेमके काय हवे आहे ते सांगण्याचे काम माणसाकडेच राहिले.

डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९७८ मधील एका टिपणात बोलीभाषेतून आज्ञावली लिहिण्याची कल्पनाच अविचाराची ठरविली होती. गणिताची काटेकोर चिन्हभाषा हे ओझे नसून सोय आहे, कारण बोलीभाषेत नकळत होऊन जाणाऱ्या अर्थहीन विधानांना ती थारा देत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. आजच्या साहाय्यकांनी या युक्तिवादाचा पूर्वार्ध खोटा ठरविला आहे, कारण बोलीभाषेतून सांगितलेले काम आता खरोखरच होते. बोलीतील संदिग्धतेविषयीचा उत्तरार्ध मात्र अजून टिकून आहे.

१९९० च्या दशकापासून कोड लिहिण्याच्या संपादकांत पुढचा शब्द सुचविण्याची सोय होती. ती व्याकरणाच्या नियमांवर चाले. आजच्या साहाय्यकांचे मूळ २०१७ मध्ये गूगलमधील आठ संशोधकांनी मांडलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ या रचनेत आहे. या आठांपैकी निकी परमार यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले होते. ही रचना वापरून ओपनएआय या संस्थेने जीपीटी-३ हे प्रारूप तयार केले आणि पुढे त्यालाच सार्वजनिक कोडचे वाचन करवून २०२१ मध्ये कोडेक्स हे प्रारूप सिद्ध केले. त्यावर आधारलेले गिटहब कोपायलट २९ जून २०२१ रोजी मर्यादित चाचणीसाठी आणि जून २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आल्यावर प्रोग्रॅमिंग न शिकलेल्यांच्याही हाती हे साधन पडले.

कार्यपद्धती

भाषा-प्रारूप मजकुराचे लहान लहान तुकडे करते आणि आधीचे तुकडे पाहून पुढचा तुकडा कोणता असण्याचा संभव अधिक, याचा अंदाज बांधते. प्रचंड प्रमाणावर कोड, त्याची माहितीपुस्तके आणि प्रोग्रॅमरांची प्रश्नोत्तरे वाचवून घेतल्यामुळे हे अंदाज विलक्षण अचूक येतात. तरीही त्या प्रक्रियेत ‘हे बरोबर आहे’ अशी खूण कोठेही आपोआप उमटत नाही. बरोबर उत्तर आणि बरोबर वाटणारे उत्तर ही दोन्ही एकाच मार्गाने येतात.

कोडेक्सच्या निर्मात्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधातील आकडे या दृष्टीने बोलके आहेत. हाताने रचलेल्या १६४ लहान प्रश्नांपैकी २८.८ टक्के प्रश्न कोडेक्सने एका प्रयत्नात सोडविले. प्रत्येक प्रश्नाची शंभर उत्तरे लिहवून घेतल्यावर ७०.२ टक्के प्रश्नांच्या बाबतीत त्यांतले निदान एक उत्तर बरोबर निघाले. दुसरा आकडा मोठा आहे, पण शंभरांतले ते एक उत्तर कोणते, हे हाताशी तपासण्या तयार असल्यामुळे कळले. ज्याच्याजवळ तपासणी नाही, त्याच्या दृष्टीने ती शंभर उत्तरे सारखीच.

एजंट प्रकारची साधने याच ठिकाणी पुढे गेली. ती कोड लिहून थांबत नाहीत. कोड चालवून पाहतात, आलेली चूक वाचतात, बदल करतात आणि पुन्हा चालवितात. २०२३ मध्ये तयार झालेल्या ‘एसडब्ल्यूई-बेंच’ या परीक्षेत पायथन भाषेतील १२ खऱ्या प्रकल्पांमधून घेतलेल्या २,२९४ अडचणी होत्या. त्या वेळच्या सर्वोत्तम प्रारूपाला त्यांतल्या दोन टक्केही सुटल्या नाहीत. त्याच परीक्षेतून निवडून पारखलेल्या ५०० अडचणींच्या संचावर २०२५ मध्ये आघाडीची प्रारूपे सत्तर टक्क्यांच्या वर पोहोचली. ही प्रगती मोठी आहे. मात्र या परीक्षेत अडचण लिहून दिलेली असते आणि उत्तर तपासण्याची सोयही ठरलेली असते. नोकरीतील किंवा घरच्या कामातील अडचण अशी लिहून मिळत नाही.

उपयोग

ज्या कामात नावीन्य थोडे आणि लिखाण पुष्कळ असते, तेथे साहाय्यकाचा लाभ सर्वाधिक होतो. अर्जाचा नमुना, माहितीच्या तक्त्यातून नोंदी वाचणे, एका नमुन्यातील तारखा दुसऱ्या नमुन्यात आणणे, एका संगणक-भाषेतील आज्ञावली दुसऱ्या भाषेत उतरविणे ही अशा कामांची उदाहरणे होत. दुसरा मोठा उपयोग समजावून सांगण्याचा आहे. कंपायलरने दाखविलेला त्रुटीसंदेश नवशिक्याला बहुधा अगम्य असतो. साहाय्यक त्याचा अर्थ सोप्या शब्दांत आणि मराठीतूनही सांगतो. संगणकाच्या पुस्तकांची भाषा इंग्रजी असल्यामुळे अडून बसलेल्या विद्यार्थ्याला ही सोय थोडीथोडकी नव्हे.

वेगाविषयीचा एक नियंत्रित प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९५ व्यावसायिक प्रोग्रॅमरांना जावास्क्रिप्ट भाषेत एक छोटा वेब-सर्व्हर लिहिण्यास सांगितले होते. कोपायलट वापरणाऱ्या गटाने हे काम दुसऱ्या गटापेक्षा ५५.८ टक्के कमी वेळात पुरे केले. या आकड्याचा उल्लेख वारंवार होतो. तो वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. काम नव्याने सुरू करण्याचे, छोटे आणि पूर्णपणे ठरवून दिलेले होते, आणि संशोधकांमध्ये ते साधन विकणाऱ्या कंपनीशी संबंधित मंडळी होती.

मर्यादा

साहाय्यकाची चूक विद्यार्थ्याच्या चुकीसारखी नसते. विद्यार्थी जेथे अडखळतो तेथे त्याचे अक्षरही अडखळते, खाडाखोड दिसते. साहाय्यकाचा चुकीचा कोड मात्र नीट मांडलेला, टिपांसह आणि आत्मविश्वासाने लिहिलेला असतो. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तर संकेतस्थळाने डिसेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटीने लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घातली, ती याच कारणाने. उत्तरे पुष्कळदा चुकीची, पण दिसायला बरोबर असत. त्याच संकेतस्थळाने २०२५ मध्ये केलेल्या पाहणीत ८४ टक्के प्रोग्रॅमर ही साधने वापरत होते किंवा वापरण्याच्या विचारात होते. मात्र त्यांच्या उत्तरांच्या अचूकतेवर अविश्वास दाखविणारे ४६ टक्के आणि विश्वास असलेले ३३ टक्के होते.

एक उदाहरण मराठीतूनच घेता येते. उलट वाचला तरी तोच राहणारा शब्द ओळखणारी आज्ञावली हा नवशिक्यांचा नेहमीचा अभ्यास आहे. सर्वत्र प्रचलित उत्तर असे की शब्द उलटा करावा आणि मूळ शब्दाशी ताडून पाहावा. इंग्रजी शब्दांवर ते अचूक चालते. मराठीत ‘कडक’ आणि ‘सरस’ या शब्दांवरही चालते. विद्यार्थी एवढ्यावर समाधान मानील, तर फसेल, कारण ‘नवीन’ हा शब्द दिला की आज्ञावली नकार देते. संगणकाच्या लेखी ‘नवीन’ हा शब्द न, व, ईकाराची वेलांटी आणि न अशा चार चिन्हांचा असतो. ही चिन्हे उलटी केली की वेलांटी ‘व’ला सोडून ‘न’ला चिकटते आणि ‘नीवन’ असा शब्द तयार होतो. ‘रामाला भाला मारा’ हे प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असलेले वाक्यही ही आज्ञावली त्याच कारणाने नापास करते.

उपाय म्हणून अक्षरागणिक तुकडे पाडावे लागतात. तेथेही जोडाक्षरे आडवी येतात. जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडच्या अक्षर-विभाजनाच्या नियमांत २०२३ मधील १५.१ आवृत्तीपासून आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी साधने ‘नमस्ते’मधील ‘स्ते’चे दोन तुकडे करतात. वर्णक्रमाचेही तसेच. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर आहे, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. केवळ क्रमांकांवरून नावांची यादी लावणारी आज्ञावली म्हणून मराठी शब्दकोशाचा क्रम पाळत नाही. साहाय्यकाला हे सारे स्पष्टपणे सांगितले, तर तो बहुधा योग्य मार्ग काढतो. प्रश्न असा की हे सांगण्याची गरज आहे, हे विचारणाऱ्याला आधी माहीत असावे लागते. जगातील बहुसंख्य कोड इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला आहे आणि साहाय्यक त्याच सवयी उचलतो.

अस्तित्वात नसलेल्या गोष्टींचे हवाले देणे हा दुसरा दोष. आधुनिक आज्ञावल्या इतरांनी तयार केलेल्या लायब्ररी, म्हणजे कोडची तयार पॅकेजे, नावाने मागवून वापरतात. १६ प्रारूपांकडून ५,७६,००० कोडनमुने लिहवून घेणाऱ्या एका अमेरिकी अभ्यासात सुचविलेल्या पॅकेजांपैकी १९.७ टक्के पॅकेजे मुळात अस्तित्वातच नव्हती. खुल्या प्रारूपांत हे प्रमाण अधिक, तर व्यापारी प्रारूपांत ५.२ टक्के होते. नाव चुकले तर आज्ञावली चालणार नाही, एवढ्यावर हे थांबत नाही. पुष्कळदा तेच काल्पनिक नाव पुन्हापुन्हा सुचविले जाते. त्या नावाने एखाद्या भामट्याने घातक पॅकेज नोंदवून ठेवले, तर साहाय्यकावर विसंबणारा स्वतःच्या हाताने ते आपल्या संगणकात आणतो. या प्रकाराला ‘स्लॉपस्क्वॉटिंग’ असे नाव पडले आहे.

सुरक्षेविषयी न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये कोपायलटला ८९ प्रसंग देऊन १,६८९ आज्ञावल्या लिहवून घेतल्या. त्यांपैकी सुमारे ४० टक्के आज्ञावल्यांत सुरक्षेची उणीव आढळली. प्रारूपे तेव्हापासून सुधारली असल्याने हा आकडा आजचा म्हणून सांगणे योग्य होणार नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील २०२२ च्या प्रयोगाचा निष्कर्ष मात्र यंत्राइतकाच माणसाविषयी आहे. साहाय्यक मिळालेल्यांनी अधिक असुरक्षित कोड लिहिला आणि आपला कोड सुरक्षित आहे अशी त्यांचीच खात्री अधिक होती.

अशीच विसंगती वेगाच्या बाबतीत दिसली. ‘मीटर’ या अमेरिकी संस्थेने २०२५ च्या आरंभी मुक्तस्रोत प्रकल्पांतील १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना त्यांच्याच प्रकल्पांतील २४६ कामे दिली. कोणत्या कामात साहाय्यक वापरायचा हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरविले. सुरुवातीला त्यांचा अंदाज होता की साहाय्यकामुळे वेळ २४ टक्क्यांनी घटेल. काम संपल्यावर त्यांना वाटले की तो २० टक्क्यांनी घटला. प्रत्यक्षात वेळ १९ टक्क्यांनी वाढला होता. सहभागी थोडे होते, प्रकल्प मोठे व जुने होते आणि प्रोग्रॅमरांना ते तळहाताप्रमाणे ठाऊक होते. त्यामुळे यावरून सर्वांविषयी निष्कर्ष काढता येत नाही, असे संशोधकांनीच नमूद केले आहे. पण कामाचा वेग आपल्याला जाणवतो तसाच असेल असे नाही, एवढे त्यातून निश्चित कळते.

या मर्यादांचे मूळ कारण तंत्रज्ञानात कितपत आणि प्रोग्रॅमिंगच्या स्वरूपात कितपत, याचे उत्तर दोन जुन्या निबंधांत सापडते. फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये सॉफ्टवेअरमधील अडचणींचे दोन प्रकार केले. भाषा, साधने, लिखाण यांतून येणाऱ्या आनुषंगिक अडचणी आणि प्रश्नाच्याच गुंतागुंतीतून येणाऱ्या अंगभूत अडचणी. पहिल्या प्रकारावर कितीही मात केली तरी दुसरा प्रकार शिल्लक राहतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. डेन्मार्कचे पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये याहून पुढचे म्हणणे मांडले. प्रोग्रॅमिंगचे खरे फलित कोड नसून, तो कोड असा का आहे आणि परिस्थिती बदलली तर तो कसा बदलावा, याविषयी प्रोग्रॅमरच्या मनात तयार होणारी समज हे होय. ती समज असलेली माणसे निघून गेली की आज्ञावली चालत असूनही मृत होते. साहाय्यकाने लिहिलेला आणि कोणीच न वाचलेला कोड या अर्थाने जन्मतःच त्या अवस्थेत असतो. साहाय्यक कोड समजावून देऊ शकतो हे खरे, पण एखादा निर्णय कार्यालयातील कोणत्या अडचणीमुळे घेतला होता, हे कोडमध्ये लिहिलेले नसेल तर ते त्यालाही कळत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कार्पाथी यांनी कोडकडे पाहायचेच नाही, साहाय्यकाला सांगत जायचे आणि तो देईल ते चालवायचे, अशा पद्धतीला ‘व्हाइब कोडिंग’ हे नाव दिले. कॉलिन्स शब्दकोशाने तो २०२५ चा शब्द म्हणून निवडला. कार्पाथी यांनी ही पद्धत फेकून देण्याजोग्या हौशी प्रकल्पांसाठी सांगितली होती. शब्द लोकप्रिय होताना ही अट मागे पडली. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील उद्योजक जेसन लेमकिन हे रेप्लिट या सेवेतील एजंटकडून एक प्रणाली तयार करवून घेत होते. कोणतेही बदल करू नयेत अशी स्पष्ट सूचना असताना एजंटने चालू वापरातील माहितीसाठा पुसून टाकला आणि तो परत मिळणे शक्य नाही असेही सांगितले. प्रत्यक्षात तो परत मिळविता आला. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि चाचणीचा व वापरातील माहितीसाठा वेगळा ठेवण्याची व्यवस्था केली. अशी विभागणी हा या व्यवसायातील जुना शिरस्ता आहे. अनुभवी प्रोग्रॅमर तो विचारल्याशिवाय पाळतो, आणि नवख्याला तो माहीत नसतो.

शिक्षणातील वापर

न्यूझीलंडमधील संशोधकांच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमाच्या परीक्षेचे प्रश्न कोडेक्सला दिले होते. ७१ विद्यार्थ्यांच्या निकालाशी तुलना करता त्याचा क्रमांक १७ वा आला. आरंभीच्या स्वाध्यायांची उत्तरे आता कोणालाही मिळू शकतात, हे तेव्हाच स्पष्ट झाले.

स्वाध्यायाचा हेतू उत्तर मिळविणे हा नसतो. ‘१९०० हे लीप वर्ष आहे का’ याचे उत्तर शिक्षकाला हवे असते असे नाही. चाराने भाग जातो, शंभरानेही जातो, पण चारशेने जात नाही, म्हणून नाही, ही साखळी विद्यार्थ्याच्या डोक्यात तयार व्हावी, हा हेतू असतो. साहाय्यकाचा कोड तपासण्यासाठी हीच साखळी लागते आणि ती तयार होण्याचा सराव साहाय्यकच हिरावून घेऊ शकतो. येथे वापराच्या पद्धतीला महत्त्व येते. स्वतःचा प्रयत्न करून मग चूक दाखवायला सांगणे, मिळालेल्या कोडमधील एकेका ओळीचे कारण विचारणे, तो मोडेल असा नमुना आपण शोधणे या पद्धतींत सराव टिकून राहतो. नुसते उत्तर उतरवून घेण्यात टिकत नाही.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत प्रात्यक्षिक परीक्षेला जर्नल आणि तोंडी परीक्षा यांची जोड असते. जर्नलमधील आज्ञावल्या उतरवून काढण्याची प्रथा साहाय्यकांच्या पुष्कळ आधीची आहे. साहाय्यकांमुळे जर्नलचे मूल्य आणखी घटले, तर तोंडी परीक्षेचे वाढले. ‘ही ओळ काढली तर काय होईल?’ या प्रश्नाला घोकलेले उत्तर नसते.

गोपनीयता आणि हक्क

साहाय्यकाला दिलेला कोड बहुधा सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या संगणकावर जातो. सॅमसंग कंपनीच्या अभियंत्यांनी अंतर्गत कोड चॅटजीपीटीला दिल्याचे उघडकीस आल्यानंतर मे २०२३ मध्ये कंपनीने अशा साधनांच्या वापरावर निर्बंध घातले. परवलीचे शब्द, ग्राहकांची माहिती किंवा विद्यार्थ्यांचे गुणपत्रक अशी माहिती असलेली फाइल जशीच्या तशी देणे म्हणूनच धोक्याचे मानले जाते. अशा वेळी खोट्या नावांचा छोटा नमुना पुरतो.

मुक्तस्रोत कोडचे बहुतेक परवाने तो वापरण्यास मोकळीक देतात, पण मूळ लेखकाचा उल्लेख राखण्याची अट घालतात. अशा कोडवर वाढविलेले साधन तो उल्लेख गाळून तसाच कोड पुढे देते, असा आक्षेप घेऊन काही प्रोग्रॅमरांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये गिटहब, मायक्रोसॉफ्ट आणि ओपनएआय यांच्याविरुद्ध कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दावा दाखल केला. २०२४ मध्ये न्यायालयाने त्यातील बहुतेक मुद्दे फेटाळले. दिलेला कोड मूळ कोडशी तंतोतंत जुळलाच पाहिजे का, हा प्रश्न त्यानंतर नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयासमोर गेला.